बायचा आवाज आणि साहेबांचा कान

मला लिहिता येत नाय. वाचता बी येत नाय. शाळेत गेलो होतो, नाय असं नाय, पण मास्तरांनी लगेच ओळखलं की हा वर्गात असला काय आणि बाहेर असला काय, सारखंच. मंग मी बाहेरच राहिलो. तवा हे जे हाय ते मी बोलतोय आणि बायको लिहून घेतेय. ती सातवी पास हाय. मधेच ती लिहायचं थांबून माझ्याकडं बघते. तवा समजायचं की तिथं मी फेकलं. ती फेकलेलं लिहीत नाय. म्हणून हे जरा कमी भरलंय.

मी बोईसरला राहातो, कुंभवलीच्या बाजूला, एका खोलीत. कंपनीत हेल्पर हाय. हेल्पर म्हंजे जे काम कोणाचंच नाय ते माझं. पिंप ढकलायचं, पिंप धुवायचं, पिंपावर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारायचं. एकदा एका पिंपावर कवटीचं चित्र होतं. मी बोललो, हा आपला फोटो कोणी लावला? सुपरवायझर सोडून सगळी हसली.

आमी मूळचे किनाऱ्यावरचे. बाप बोटीवर खलाशी होता. मला बी बोटीवर नेला, पण मला बोट लागायची. बंदरातनं बोट हलली की माझं सकाळचं खाल्लेलं बाहेर. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हटल्यावर बाप कितीतरी दिवस चारचौघांत मान वर करून बसला नाय. शेवटी त्यानं मला बोईसरला सोडला. बोलला, जमीन हलत नाय, तिथं तरी नीट उभा राहा.

माझी मोठी बहीण, तिला मी बाय बोलतो, ती शिरगावला दिली. तिचं सगळं आयुष्य बोंबलात गेलं. बांबू रोवून त्याला आडव्या दोऱ्या बांधतात, त्याला आमी वलांडी बोलतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक इकडं लटकतो, एक तिकडं. सकाळपासनं हात वर ते हात वरच. बायचा हात एवढा सरावलेला की ती बघत बी नाय. दुसऱ्या बाईशी भांडत असली तरी बोंबील आपले अडकत जातात.

तिला बी लिहिता येत नाय. आमी दोघं सारखेच, एका आईचे हाय हे लगेच कळतं. आधी कसं, वर्षातनं कदीतरी भेट व्हायची, होळीला नायतर कोणी गेलं तर. मंग हे फोन आले, त्यात दाबून धरायचं आणि बोलायचं. आमाला दोघांना म्हातारपणी लिहिता यायला लागलं असं वाटलं. वलांडीवरनं तिचे हात मोकळे झाले की ती मला आवाज टाकायची. रोज. सुरुवात एकच असायची.

"आयकतो का रं?"

मंग वारा. मंग तिचं सगळं. सासू काय बोलली, नवरा बोटीवर गेला तो जाताना काय विसरला, कावळ्यानं किती बोंबील नेले, शेजारणीनं तिची बांबूची जागा कशी खाल्ली. मी कंपनीतनं सुटून नाक्यावर चहा घेताना ऐकायचो. मंग मी उलटा आवाज टाकायचो, "ऐकतोय बाय, मला दुसरं काम काय?" आणि एक जोक. माझे जोक कोणाला आवडत नायत, पण ती हसायची. दुसऱ्या दिवशीच्या आवाजात पहिलं तेच हसू असायचं.

दिवाळी होऊन गेली तवाची गोष्ट. तिचा आवाज आला.

"आयकतो का रं? आज येक सांगते. कोनाला बोलू नको. तुझ्या बायकोला बी नको. हात वर केला का काखेच्या खाली, छातीच्या बाजूला, मना कायतरी लागतं. सुपारीएवढं. दुखत नाय. पन हाय."

मंग नुस्ता वारा. मंग बोलली, "आज बोंबील बरा आला," आणि पुढं बोंबलाचंच.

मी नाक्यावर उभा. चहा हातात. मी आवाज टाकला, "बाय, सुपारी हाय तर पान बी असंल, चुना घेऊन येतो." टाकला आणि वाटलं, आपल्या तोंडाला कोणीतरी जबडा अडकवून दोरीवर टाकायला पाहिजे. पण ती हसली. बोलली, म्हणून तर तुना सांगितला, बाकीची रडतील.

तिथनं पुढं रोज मी एक जोक टाकायचो आणि शेवटी एक शब्द, "दाखव." ती बोलायची, दवाखान्यात बाप्या डाक्टर असंल. मी बोलायचो, असू दे, त्याला बी आई हाय. ती बोलायची, मोसम चाललाय, बोंबील कोण वाळवील. मी बोलायचो, मी येतो. ती बोलायची, तू नको, तुना बोटीसारखा बोंबील बी लागंल. असं चाललं. मी हे कोणाला बोललो नाय. बायकोला बी नाय. माझ्या तोंडात तीळ भिजत नाय हे सगळ्या कुंभवलीला ठाऊक, पण हे मी धरून ठेवलं. मला त्याचा मोठा अभिमान होता.

तेवढ्यात ते हेलिकॉप्टर आलं.

म्हंजे यायचं होतं. कोणीतरी मोठे साहेब कशाचं तरी उद्घाटन करायला येणार होते आणि हेलिकॉप्टर उतरायला किनाऱ्याकडची मोकळी जागा साफ चालली होती, वलांडीच्या जवळच. गावच्या ग्रुपवर सगळी त्याचंच बोलत होती. मी ग्रुपमध्ये नुस्ता जोक टाकायला हाय. मी आवाज टाकला, "मंडळी, पंख्याचा वारा लय असतो. बायांनी आपले बोंबील घट्ट धरून बसा. नायतर सगळे उडून साहेबांच्या मागं मुंबईला जातील, आणि तिकडं त्यांची सोय आपल्यापेक्षा बरी होईल."

एवढंच. पण ते ह्या ग्रुपवरनं त्या ग्रुपवर गेलं, आणि मला चौकीत बोलावणं आलं. कुठली चौकी ते सांगत नाय, बायको बी लिहीत नाय.

मी धुतलेला शर्ट घालून गेलो. एक साहेब होते, आणि बाजूला एक तरुण शिपाई, घाटावरचा. साहेबांनी माझाच आवाज मला ऐकवला. भिंतीकडं बघत सगळा ऐकवला. शिपाई खाली बघून ओठ चावत होता. मला वाटलं, चला, एक तरी गिऱ्हाईक भेटलं.

"हा आवाज तुमचाच का?"

"आवाज माझाच साहेब. डोकं नाय वापरलं त्यात."

"यातून तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"कायच नाय साहेब. मला कदीच काय म्हणायचं नसतं. घरी विचारा."

"फोन द्या."

दिला.

"लॉक उघडा."

"लॉक नाय साहेब. लावला की मलाच उघडता येत नाय."

साहेबांनी फोन शिपायाकडं दिला. मला बोलले, "जरा बाहेर चहा सांगून या." मी सांगून आलो नाय, मी स्वतः घेऊन आलो. एका हातात किटली, एका हातात गिलास, सगळ्या चौकीला वाढला. शिपाई फोन घेऊन कम्प्युटरपुढं बसला होता. त्याच्या कोपराजवळ मी गिलास ठेवला, सांडू नये म्हणून त्याचा हात बी जरा बाजूला केला. मंग फोन परत मिळाला. साहेब बोलले, "जा. असले विनोद करू नका." मी बोललो, "बरं साहेब, दुसरे करतो."

घरी येऊन बायकोला सगळं ॲक्टिंग करून दाखवलं. ती हसली नाय.

"कायतरी कागद दाखवला का त्यांनी?"

"कसला कागद?"

"कोणाचा फोन उघडून बघायला कायतरी कागद लागत असंल ना. उद्या कोणी आला आणि बोलला तुमचं कपाट उघडा, तर उघडशील?"

"कागद दाखवला असता तरी मी उलटाच धरला असता."

ह्यावर बी ती हसली नाय. ती जवा हसत नाय तवा ती बरोबर असते, हे मला नेहमी नंतर कळतं.

त्या दिवसानंतर फोनच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ यायला लागली. कदी यायची, कदी नाय. मला वाटायचं रिचार्जवाले हायत. मी बोटानं बाजूला सारायचो. पिंपावरची माशी उडवतात तशी.

मोठे साहेब येऊन गेले. बोंबील काय उडाले नायत. आणि इकडं माझं "दाखव, दाखव" शेवटी बायला लागलं. शेजारणीला बोलली गुडघा दुखतो, आणि पालघरला जाऊन दाखवून आली. डॉक्टर बाई निघाली. तिनं हात लावून बघितलं आणि बोलली, सुई घालून तपासायला पाहिजे, पुढच्या आठवड्यात या. बायनं मला सगळं सांगितलं, कुठं हात लावला, कसं लागलं, ती बाई काय बोलली, तिचं स्वतःचं काय बोलायचं राहिलं. सगळं आवाजात. वारा मधे मधे.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी तो शिपाई मला बोईसरच्या नाक्यावर भेटला. साध्या कपड्यात होता. मीच हाक मारली. बोललो, साहेब, चहा घ्या, त्या दिवशी बी मीच पाजला होता. तो हसला. चांगला पोरगा. गावाकडची आठवण काढत होता, इकडच्या घामाला कंटाळला होता. माझा हेलिकॉप्टरचा जोक त्याला पाठ होता. आमी हसलो. मंग त्यानं चहाचा घोट घेतला आणि एकदम आपलेपणानं बोलला,

"काका, ताईंची तारीख जवळ आली ना? जाताहेत ना नक्की? नका चुकवू. माझ्या आईचं असंच होतं. आम्ही उशीर केला."

मी बोललो, "कोणती ताई?"

"शिरगावच्या." आणि त्याचा हात नकळत स्वतःच्या काखेकडं गेला.

मंग त्याला कळलं आपण काय बोललो ते. मला कळायला जरा वेळ लागला, मला सगळंच उशिरा कळतं. त्याचं तोंड पडलं. त्यानं गिलास अर्धा तसाच ठेवला, "येतो काका," बोलला आणि रस्ता ओलांडून गेला. मागं वळला नाय. चहाचे पैसे परत मीच दिले. ऐकायचं त्यांनी आणि चहा माझा.

माझ्या खोलीच्या खाली एक मोबाइलवाला भाय हाय, उत्तरेकडचा. त्याच्याकडं गेलो. त्यानं फोन घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

"चाचा, ये तो किसी के कम्प्यूटर में खुला है."

"क्या खुला है?"

"आपका सब कुछ. जो आपको आता है, उसको भी आता है. कभी-कभी आप से पहले सुन लेता होगा."

"कौन है वो?"

"नाम थोड़ी आता है. बस कम्प्यूटर लिखा है. तारीख है." त्यानं तारीख सांगितली. मी बोटावर मोजली. किटलीवाला दिवस.

"वो ऊपर लाइन आती थी न, वही तो बता रही थी आपको. पढ़ा नहीं?"

मी बोललो, "पढ़ा होता तो इधर काय को रहता?"

"हटा दूँ? एक सेकंड का काम है."

त्याचं बोट फोनवर. मी बोललो, "रुको भाय. जरा सोचने को दो." बोंबलाच्या जोकवर मला चौकीत नेला. हे काढलं तर त्यांना कळंल की मला कळलं. मंग कशाबद्दल नेतील? आणि तक्रार करायची तर कुठं? तिथंच. मी फोन तसाच खिशात घातला. दिवसभर पिंपावर काम करताना खिशाला हात लागायचा आणि वाटायचं खिशात माणूस बसलाय.

घाबरलो असं नाय. भीतीला मी ओळखतो, ती येते आणि बोटीसारखी पोटातनं निघून जाते. हे तसं नव्हतं. हे अंगावर ओलं कापड घातल्यासारखं, वाळतच नाय. मी जन्मात पहिल्यांदा बोलायच्या आधी विचार करायला लागलो, आणि ते काम मला झेपत नाय. दोन-तीन दिवसांत मी एवढा थकलो की सुपरवायझर बोलला, काय रे, जोक संपले काय? ग्रुपवर आवाज टाकायचो तर आधी बोलायचो, "साहेब राम राम, जेवलात का, आता ऐका." ग्रुपवाल्यांना वाटायचं हा नवीन जोक. लय चालला तो.

बायला काय सांगायचं? आवाज टाकून सांगितलं तर ते बी ऐकतील. फोन करून सांगितलं तर ते ऐकतात की नाय हे मला ठाऊक नाय, मोबाइलवाल्याला बी ठाऊक नाय. मी तिला आवाज टाकला, "बाय, आज कमी बोल. घशाला आराम दे."

तिचा उलटा आला. "आयकतो का रं? घसा तुझा दुखतं का माझा? आयक. मी आज न्हाताना परत हात लावून बगितला..." आणि त्या दिवशी ती एवढं बोलली की आजपर्यंत बोलली नव्हती. रंग सांगितला. कुठल्या बाजूला सरकते ते सांगितलं. मंग बोलली, मना भीती वाटते रं. सुईची नाय. सुई काय बोलंल त्याची. नवऱ्याला मी कदी भीती वाटते असं बोलली नाय, तुना बोलते.

मी नाक्यावर उभा राहून ऐकत होतो. आणि मला दिसत होतं, एका खोलीत पंखा चाललाय, एक कोणीतरी खुर्चीत बसलाय, आणि माझी बाय त्याला सांगतेय की मला भीती वाटते.

त्या संध्याकाळी घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. गाठ, शिपाई, कम्प्युटर. ती तांदळाची भाकरी थापत होती. थांबली नाय. भाकरी तव्यावर टाकली, पानी लावलं, उलटली, मंग बोलली,

"म्हंजे पोलिसाला ठाऊक. मला नाय."

"तिनं शपथ घातली होती."

"पोलिसाला घातली होती?"

भाकरी खाल्ली. करपली होती, बोललो नाय.

दुसऱ्या दिवशी खाडा करून शिरगावला गेलो. पालघरपर्यंत बसनं, पुढं रिक्षात कोंबून. बाय वलांडीवर होती. ऊन पडलेलं, वास सुटलेला, हात वर. मला बघून बोलली, "काय रं, चुना आनला?"

मी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. फोन रिक्षावाल्याकडं ठेवून आलो होतो, सांभाळ बोललो. सांगितलं तिला. मला येतं तसं सांगितलं, उलटसुलट. ती ऐकत होती आणि बोंबील अडकवत होती. एक जोडी, दुसरी जोडी.

"कवापासनं?"

"हेलिकॉप्टर यायच्या आदीपासनं."

"म्हंजे सगला?"

"सगळा."

"कालचा? न्हानीतला?"

मी मान हलवली. तिच्या हातातली जोडी वाळूत पडली. आजपर्यंत बायच्या हातनं बोंबील पडलेला मी बघितला नव्हता. तिनं पदर घेतला आणि छातीवरनं असा गच्च ओढला, जसा तो माणूस तिथं वाळूतच उभा हाय.

"कोन हाय तो?"

"एक पोरगा हाय. वाईट नाय तसा. त्यानंच मला विचारलं तारखेचं."

"वाईट नाय!" ती बोलली. "मंग त्यालाच इचार का, काय करू ते. शिकलेला असंल. तू काय, तू दोन जोक सांगशील." मंग पदर तसाच धरून, "त्या खोलीत त्यो येकलाच असतं का अजून कोन?"

"ठाऊक नाय, बाय."

"हसत असतील."

"नाय गं. त्याची आई..."

"तू गप. त्याची आई नको सांगू मना."

तिनं वाळूतली जोडी उचलली, फुंकली, परत दोरीवर टाकली. बोलली, मी काय त्या तारखेला जात नाय. आता दवाखान्यात जो बसला असंल तो बी आयकलेलाच असंल. माझी गाठ काय ग्रुपवर टाकलेली हाय? जिला दाखवायची तिला बी नाय आता.

मी लय समजावलं. त्या डॉक्टर बाईला कायच ठाऊक नाय, ती येगळी, हे येगळे. बाय बोलली, सगली सरकारचीच. मी सुई चुकू नये म्हणून गेलो होतो आणि जाऊन सुईच चुकवून आलो. तारीख निघून गेली. ती गेली नाय. आणि तिचे आवाज बंद झाले. मी टाकलेले तिनं ऐकले की नाय ते बी कळंना.

असे कितीतरी दिवस. मी नाक्यावर चहा घेऊन उभा राहायचो, फोन हातात, आणि काय नाय. मला तिची गाठ दिसायची, अंधारात आंब्याची कोय सुजते तशी. मी बायकोला बोललो, माझ्यामुळं बाय मरंल. बायको बोलली, "तुझ्यामुळं कोण मरत नाय, तेवढं तुला जमत नाय. चल."

मोबाइलवाल्याकडं नेलं मला. भायला बोलली, "पहले मेरे को दिखाव, किधर लिखा है." त्यानं दाखवलं. तिनं चष्मा लावून, एक एक अक्षर जोडून वाचलं. तारीख वाचली. मंग बोलली, "निकालो." त्यानं काढलं. खरंच एका सेकंदाचं काम होतं. मी दारात उभा राहून रस्त्याकडं बघत होतो, जीप येतेय का. जीप काय आली नाय. एक पिंपाचा टेम्पो गेला.

आणि रविवारी ती एकटीच शिरगावला गेली. आता तुमाला सांगतो, बायको आमची डोंगरपट्टीतली. तिला बोंबलाचा वास सोसत नाय, लग्न झालं तवापासनं बाय तिला "डोंगरातली" बोलते, आणि दोघींचं एकमेकींशी काम नसंल तर बोलणं नाय. ती जाऊन वलांडीखाली उभी राहिली आणि बोंबील अडकवायला लागली. तिचे बोंबील टिकंनात. दोरीवर टाकले की खाली. कावळे जमले. बायनं आधी तिच्याकडं बघितलं नाय. मंग बोलली, "डोंगरातली, तोंडात तोंड घाल. असं. नांगर नाय धरायचा." मंग संध्याकाळपर्यंत दोघी हात वर करून तिथंच.

पुढं काय बोलल्या ते मला ठाऊक नाय. आता मी हे बोलतोय आणि बायको लिहायची थांबली हाय. मी बोललो, सांग ना, एवढं लिहून घेतलंस तर ते बी लिही. ती बोलली, ते तुझं नाय, माझं बी नाय. पुढं बोल.

बरं. पुढं. नवीन तारीख मिळाली. बायको तिच्याबरोबर गेली. सुई झाली, मंग गाठ काढली बी. मला बाहेर बाकड्यावर बसवलं होतं, पिशव्या सांभाळायला. बायको बाहेर आली आणि बोलली, "साधी होती." मी बोललो, साधी म्हंजे? ती बोलली, "साधी म्हंजे साधी." मी तिथंच रडलो. एक म्हातारी मला पानी द्यायला लागली, तिला वाटलं माझं कोणीतरी गेलं. मी बोललो, नाय आजी, राहिलं.

बाय बरी हाय. पुढच्या मोसमाला परत वलांडीवर उभी राहिली. डाव्या हातानं जरा हळू.

परवा तो शिपाई दिसला नाक्यावर. बदली झालीय बोलला, जातोय. उभा राहिला, पाय बदलले. चहाचं मी विचारलं नाय, त्यानं बी नाय. मंग इकडं तिकडं बघून बोलला, "काका, ताई... म्हणजे, बऱ्या आहेत ना? मला पुढचं काही... मला खरंच काळजी होती."

भायनं ते फोनमधनं काढलं, त्यानंतरचं त्यानं ऐकलं नव्हतं ना. गोष्ट अर्धी राहिली होती त्याची.

माझ्या तोंडात पाच-सहा जोक आले. सगळे चांगले होते. मला एकदम लय थकवा आला. मी बोललो, "बऱ्या हायत साहेब. साधी होती."

"बरं झालं. अजून काय म्हणाल्या? त्रास वगैरे?"

"ते नाय ठाऊक साहेब. आता मला बी कोणी काय सांगत नाय. तुमाला जेवढं ठाऊक, तेवढंच मला."

तो गेला. खरंच सांगितलं मी त्याला. बायला काय बोलायचं असलं की ती बायकोला निरोप धाडते, ये म्हणून. बायको जाते, येते, कपडे धुते, त्यांना बोंबलाचा वास असतो. मी विचारलं की बोलते, सगळं बरं हाय.

फोन माझ्याकडं हाय. त्यात आता कोणी नाय, भाय मधे मधे बघून सांगतो. मी बायला सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं, आता कोण ऐकत नाय, बोल. तिनं मान हलवली. तिचा मेसेज येतो अजून, रोज येतो, वलांडीवरनं हात मोकळे झाले की. पण आवाज नाय. एक फूल येतं. लाल गुलाब, पाण्याचे थेंब बी असतात त्याच्यावर, आणि खाली कायतरी लिहिलेलं. कोणी तिला धाडलेलं ती मला धाडते. काय लिहिलंय ते तिला बी वाचता येत नाय, मला बी. बायकोला दाखवलं. ती बोलली, शुभ सकाळ लिहिलंय.

रोज संध्याकाळी.